सातवी होडी

काकांचे डोळे गेले त्या हिवाळ्यात,
आर्ब्रोथला, मी त्यांची लेखणी झाले.
तोवर त्यांची शाई मी फक्त बाह्यांवरून धुतली होती.

"लिही, ग्रिझेल," शेकोटीकडे पाय करून ते म्हणत,
"इंद्रियांच्या दारातून आत आलं नाही
असं माणसाच्या घरात काहीच नसतं."
आणि थांबत.
एक दार तर बंदच झालेलं.
मी पूर्णविराम देई, टाक झटकी.

विश्वासाचं प्रकरण त्यांना जिन्यावर सुचलं.
माँट्रोजच्या जुन्या घराला अठरा पायऱ्या होत्या, याला सतरा.
सहा वर्षं झाली, तरी रोज रात्री उतरताना
त्यांचा पाय अठरावी शोधत जाई
आणि फरशीवर आदळे. अख्खा मणका ठणके.
"सतरा आहेत हे डोक्याला ठाऊक आहे," ते पाय चोळत म्हणत,
"टाचेला कोण सांगणार?
लिही: विश्वास टाचेत राहतो.
तिथवर युक्तिवाद पोचत नाहीत."
मी लिहिलं. समासात, बारीक अक्षरात:
लोकरीचे मोजे, जाड तळव्यांचे.

कोळ्यांची एक समजूत होती:
होडीकडे जाताना पाद्री आडवा आला तर माघारी फिरायचं.
काका हसले नव्हते.
डोळे शाबूत होते तेव्हाच त्यांनी वहीत दोन रकाने आखले,
पाद्री दिसला, पाद्री दिसला नाही,
आणि डेव्ही स्पिंकला दर शनिवारी मगभर बिअर पाजून
हिशेब विचारू लागले.
दोन वर्षांत अकरा वेळा पाद्री.
एकदा जाळं फाटलं. एकदा दाढ दुखली.
एकदा इतके हेरिंग की होडी बुडता बुडता राहिली.
"हे कुठे टाकू?" काकांनी विचारलं.
"ते तुमचं तुम्ही बघा, साहेब," डेव्ही म्हणाला,
"माझा बाप अकराही वेळा घरी परतला असता.
मी आपला तुमच्या वहीखातर जातो."

मार्चमध्ये वादळ आलं.
दोन रात्री आम्ही खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या.
तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "आल्या का सगळ्या?"
मी खिडकीत होते. किनाऱ्यावर सहा होड्या.
"सातही," मी म्हटलं.
"आणि समुद्र?"
"राखाडी." हे खरं होतं.
त्या रात्री त्यांनी मिटक्या मारत हॅडॉक खाल्ला,
काट्यांवरून बोट फिरवत, ओळखीचं पत्र वाचावं तसं,
आणि सुखाचं प्रकरण सांगायला घेतलं:
"सुख शोधायला निघालेला माणूस"
इथे त्यांना पेंग आली.
वाक्य अजून तेवढंच आहे.

रविवारी, चर्चची घंटा वाजून गेल्यावर, म्हणाले,
"गोट्यांवरून होडी ओढतात ना, खरवडल्यासारखा आवाज येतो.
त्या दिवशी तो मी सहा वेळा मोजला."
शेकोटीत कोळसा फुटला.
"कान आहेत मला, पोरी.
पण जेवायचं होतं. सातांबरोबर जेवायचं होतं."
मग बऱ्याच वेळाने:
"टाचेच्या प्रकरणात एक वाक्य घाल."
मी टाक बुडवला.
शाई टोकाशी जमली, कागदावर पडली.
वाक्य त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.
छापणाऱ्याला मी सगळं दिलं, ती वही सोडून.

त्या पहाटे मी दुधाला गेले होते.
बंदराच्या गल्लीत मिस्टर ओगिल्वी, काळ्या झग्यात,
आणि समोरून, खांद्यावर जाळं टाकून, डेव्ही.
तो थबकला.
आमच्या खिडकीकडे बघून टोपी जराशी उचलली,
आणि पुढे गेला.

काकांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
त्या रकान्यात अकरा रेघा आहेत, बारावीची जागा कोरी.
"एका उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही."
वाक्य त्यांचं, अक्षर माझं.
मला ते पटतं.

दुधाला मी आता वरच्या गल्लीने जाते.