मूळ गाव

टाइम ऑफिसच्या खिडकीआड मी नव्या माणसांचे फॉर्म भरते.
नाव: लोकमन. वय: तो म्हणतो, बावीस असेल.
खातं: फेटलिंग.
सध्याचा पत्ता: खोली नंबर चार, पाण्याच्या टाकीमागं, गोकुळ शिरगाव.
मूळ गाव?

"गोकुल."

ते लिहून झालं. मूळ गाव सांग.

"गोकुल ही, मॅडम. जिला मथुरा."

की-बोर्डवरचं बोट थांबतं.
मागं रांगेत कुणीतरी खोकतं.

आमच्या नावाचा अर्थ शाळेत असताना
मी आप्पागोंडा पेंटरना विचारला होता.
फाट्यावरचा बोर्ड रंगवत होते.
म्हणाले, शिरगावं पैशाला पासरी,
पत्रं चुकत असतील,
म्हणून कुणीतरी पुढं गोकुळ लावलं.
मग ब्रश झटकत म्हणाले,
नाहीतर गाई असतील बघ.
मला काय, मी अक्षरामागं पैसे घेतो.
गोकुळ म्हणजे तीन अक्षरं जास्तीची.

कीर्तनात ऐकलं होतं,
रानाला वणवा लागला तेव्हा त्यानं तो गिळला,
आणि गवळ्यांना सांगितलं, डोळे मिटा.
इथं वणवा साच्यात ओततात,
शिफ्टला अकरा टन,
डोळे उघडे ठेवून.
रात्री ढगाला खालून तांबूस रंग चढतो,
कारखान्यापलीकडचा ऊस त्यात उभा असतो,
पानांवर काळी धूळ.

गाई असतील ना रे तुमच्याकडं?
"हैं ना. पन्नी खाती हैं."
आणि यमुना?
तो मान हलवतो. हो नाही, नाही नाही.
बासरीचं विचारणार होते, राहू दिलं.

"आपके यहाँ?"
आमच्याकडं म्हशी, मी सांगते.
गंगावेशीत कट्ट्यावर जा रात्री,
समोर धार काढतात,
पेला फेसासकट हातात देतात, गरम.
"भैंस?"
तो असा हसतो की वॉचमन वळून बघतो.
"कन्हैया भैंस चरायेगा?"
चारेल की.
पगार वेळेवर दिला तर.

स्क्रीनवर लाल अक्षरं आलेली असतात:
कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता
एकच आहे का?
हो. नाही.
एकच चौकोन निवडा.

लोकमन काचेला नाक लावून बघतोय
मी काय लिहिते ते.
त्याला मराठी वाचता येत नाही,
पण तेवढी तीन अक्षरं येतात,
ती तो बोटानं मोजतो, वरची, खालची.

चारचा भोंगा होतो.
रांगेतला मागचा म्हणतो,
बाई, आटपा की.