कोळसेवाला

सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित नाटक, असं म्हणत
त्या मुलीनं पाकीट फाडलं
आणि आमच्या नाटकाचं नाव घेतलं.

आमच्या म्हणजे, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात
ग्लासगोच्या गोदीमागच्या हॉलमध्ये
नऊ रात्री तग धरलेलं.
दहाव्या रात्री तिकिटं गेली चार,
त्यातलं एक ड्युगल्डच्या आईचं.
नाटक पडलं. पडदा मात्र पडेना,
तो आम्ही हातानं ओढला.

पुनरुज्जीवनाला बक्षीस असतं.
पण त्याआधी मरावं लागतं,
ते काम आमच्या संचानं चोख केलं होतं.

मला एकच वाक्य.
दुसऱ्या अंकात पाठीवर पोतं घेऊन यायचं,
"आणलाय, बाई. कुठं ठेवू?"
म्हणायचं आणि जायचं.
पोत्यात खरा कोळसा, ड्युगल्डचा हट्ट.
रात्री कितीही घासून आंघोळ केली
तरी सकाळी उशीवर माझ्या मानेचा ठसा.

नव्या प्रयोगात कोळसेवाला नाही.
दिग्दर्शिका भली आहे, तिनं स्वतः फोन केला:
आता कोळसा कोण जाळतं हो?
खरंच आहे. माझ्याही घरात
भिंतीवर एक पांढरी पेटी आहे, ती गुरगुरते.
तिनं दोन पास पाठवले, वरच्या गॅलरीचे.

दुसरा पास इफीचा.
तेव्हाची नायिका. आता वृद्धाश्रमात,
मला ती कधी भाऊ समजते, कधी प्लंबर.
टॅक्सीत तिनं तीनदा विचारलं, लग्न कुणाचं आहे?

खाली सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.
दिग्दर्शिका रडत रडत आभार मानत होती,
ड्युगल्डचेही मानले, आडनाव जरासं चुकवून.
तेवढ्यात इफीनं शाल सावरली, पाठ ताठ केली
आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात म्हणाली,
"आज तरी आला का कोळसा?"

पुढची चार डोकी वळली. कुणीतरी श्शू केलं.
पण माझी एन्ट्री होती,
गुडघे दुखत होते तरी उठलो.

"आणलाय, बाई. कुठं ठेवू?"

तिनं खालच्या झगमगाटाकडे बोट दाखवलं.
"तिथं. आणि आधी पाय पूस."

हे संहितेत नव्हतं.
किंवा असेलही.
ड्युगल्ड रोज बदलायचा.