टाचणी

मिर्टेल तिसऱ्या मजल्यावरून उतरते, पायात लोकरीचे मोजे,
तेरा वर्षांची, आणि माझी गुरू.
फी : दर धड्याला दह्याच्या दोन गोड वड्या,
वरून चॉकलेट. उधारी चालत नाही.

"आधी माउस सोडा," म्हणते,
"त्याची शेपटी धरून किती फिराल?"
चाळीस वर्षं मी विल्यांदीत अकॉर्डियन दुरुस्त केले,
डाव्या हाताची बटणं न बघता ओळखतो,
मग हे का जमू नये?
करंगळीखाली कंट्रोल, तर्जनीखाली सी,
दोन्ही एकदम. उचललं.
तसंच व्ही. ठेवलं.
भाता ओढावा लागत नाही, एवढाच फरक.

"एंडेलकाका, तुमच्या दहा खिडक्या उघड्या आहेत!"
बाहेर उणे अकरा. मी झटकन पडद्याकडे गेलो.
"त्या नव्हे हो."
ऑल्ट धरून टॅब : खिडक्या पत्त्यांसारख्या पुढे सरकतात,
हवी ती आली की बोट उचलायचं.
विंडोज आणि डी : सगळं गायब, टेबल लख्ख.
(पाहुण्यांची चाहूल लागली की लेइडा
अख्खा पसारा कपाटात कोंबायची, तोच प्रकार.)

चुकून मिटलेलं पान कंट्रोल, शिफ्ट, टी म्हटलं की परत येतं,
रुसलेलंही नसतं.
कंट्रोल झेड तिने घाईतच सांगितलं,
आणि मी तेवढंच दाबत बसलो,
लिहिलेलं शेपटाकडून गिळत,
कागद कोरा होईपर्यंत.
"पुरे," म्हणाली. "फार मागे नाही जाता येत."

मग तिने हिशेब मांडला :
रोज आठ मिनिटं वाचली, तर वर्षाला अख्खे दोन दिवस.
मी विचारलं, ते साठतात कुठे?
तिने वडीचा कागद चाटला.

शेवटचा धडा, विंडोज आणि व्ही.
"तुम्ही उचललेलं सगळं इथे ओळीने थांबतं.
मशीन बंद केलं की पुसतं.
टाचणी लावलेलं मात्र राहतं."
दाबलं.
छोटीशी चौकट उघडली,
आणि तीत, मी कधीच न लावलेल्या,
तीन टाचण्या.

हीटिंगवाल्यांचा खाते क्रमांक.
ती जिथे हिशेब लिहायची त्या डेअरीचा पत्ता.
आणि एक ओळ :
उत्तराला उशीर झाला, माफ करा. लेइडा.

अच्छा.
जन्मभर उशीर करणारी बाई,
केक करपवणारी, बस चुकवणारी,
आणि वेळ वाचवला तो नेमका माफीतला!
एकदाच लिहिली, टाचून ठेवली,
आणि गावभर दोन बोटांनी वाटली.
मला वाटायचं, दर वेळी ती
ओठ चावत नवी लिहितेय.

मिर्टेल थोडा वेळ गप्प. मग हळूच,
"पुसायचं असेल तर बाजूच्या तीन ठिपक्यांवर..."
नको, म्हटलं. वडी घे अजून एक.

लेइडाच्या बहिणीचं, हिल्याचं पत्र
ऑगस्टपासून पडून आहे.
सांत्वनाचं. फार चांगलं लिहिलंय तिने.
सात महिने मी पहिल्याच ओळीशी अडलेला.
आज रात्री ते उघडलं.
विंडोज, व्ही.
ओळ उतरली, जशीच्या तशी.
शेवटचं नाव खोडून माझं घातलं.
मग, का कोण जाणे,
कंट्रोल झेड, जरा जास्तच वेळा,
तिचं नाव जागेवर येईपर्यंत.

त्यापुढे "आणि एंडेल" एवढं
एकेक अक्षर शोधत,
एका बोटाने,
सावकाश.