पोवार की पवार

नोटीस बोर्डाला काच आहे, काचेला कुलूप,
किल्ली गवंडीमामांच्या खिशात
आणि गवंडीमामा गंगावेशीत
धारेचं दूध प्यायला गेलेत.

आत दुसरी यादी. तात्पुरती.
एकशे अठरावर मी आहे.
म्हणजे असावी.
म्हणजे पानाची ती शेवटची ओळ, तिचं निम्मं अंग
अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली गेलंय,
आणि वर उरलंय त्यावरून वाचलं तर
पवार अश्लेषा धों.

मी पोवार.
मात्रा तर अक्षराच्या डोक्यावर असते,
असती तर दिसली असती.

अर्ज क्रमांक माझा सातनं संपतो.
पट्टीवर नुसती एक आडवी रेघ डोकावते :
7 असेल, 5 पण असेल.
मी गुडघ्यावर बसून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं,
एका पोराच्या पाठीवर वही ठेवून
दोन्ही आकडे अर्धे अर्धे काढून पाहिले.
तो म्हणाला, "झालं का ताई? मला घरी जायचंय."
त्याचं नाव एकोणचाळीसावर होतं, अख्खं.

मोबाईल नऊ दिवस एकच सांगतो :
आपला अर्ज प्रक्रियेत आहे.
खिडकीतल्या मॅडम म्हणतात, यादीत असेल तर असेल.
परवा मेसेज आला,
वसतिगृहात जेवण शाकाहारी की मांसाहारी?
मी नाचले. नाकारलेल्या पोरीला
कोण विचारतं काय जेवणार म्हणून?
आई म्हणाली, कोल्हापुरात हे विचारायला लागतं व्हय?
मग तीच थांबली.
आपण वसतिगृह मागितलंच कुठं,
घर सायकलनं बारा मिनिटांवर.

पप्पा उद्यमनगरातनं तसेच आले,
कानामागं फाउंड्रीची काळी वाळू.
काचेशी डोळे नेऊन बराच वेळ वाचलं.
"ही पवार. ही दुसरी कोण तरी पोरगी.
आपण रेशनकार्डापासनं पोवार."

मग मलाही ती दिसायला लागली.
गारगोटीकडची असेल, तिकडं रेंज कमी.
तिच्याही बापाचं नाव ध वरनं.
तिला अजून कुणी सांगितलंही नसेल.
तिचा राग करून पाहिला,
नीट जमला नाही.

पप्पांनी बोटाच्या पेरानं काच वाजवली, टक् टक्,
कास्टिंग वाजवतात तशी.
घणघणलं तर सलग, बद्द वाजलं तर आत चीर.
"काय म्हणते?" मी विचारलं.
"काच हाय," ते म्हणाले. "काचेसारखीच वाजणार."

साडेपाचला गवंडीमामा आले,
मिशीला साईचा पांढरा काठ.
तीन किल्ल्या चुकल्या, चौथी लागली.
पान पट्टीतनं वर ओढलं.

सात.

आणि तरी पवार.

"एकच की ओ ते," गवंडीमामा म्हणाले.
"एक न्हाई," पप्पा म्हणाले,
इतक्या हळू, की मामांनी खिशातलं लाल पेन काढलं,
प आणि व च्या मधल्या चिमटीत
एक काना कोंबला, त्यावर एक मात्रा,
जरा तिरकीच.
"घ्या. झालं पोवार. आता हलवू नका, वलं हाय."

घरी जाताना मी कॅरिअरवर उलटी बसले,
मोबाईल उघडला.
आपला अर्ज प्रक्रियेत आहे.
पप्पांच्या मानेवरची वाळू
बोटानं थोडी झाडली, थोडी राहिली.