ण बाणाचा

मखमलाबाद रोडला आमचं डायलिसिस सेंटर,
अकरा खाटा, एक टीव्ही, आणि पावत्या फाडणारा मी.

तो आला तेव्हा वॉचमन उठलाच नाही,
नुसती काठी जवळ ओढली.
वीस वर्षं ह्या माणसानं पडद्यावर
कुळं हाकलली, अंगठे उठवून घेतले,
आणि त्या एका सिनेमात तर
गावच्या विहिरीत एंड्रिनची बाटली उपडी करून
धोतराला हात पुसले.

खरा आवाज बारीक निघाला, दमेकऱ्याचा.
म्हणाला, पाणी शुद्ध करायचा प्लांट द्यायचाय.
पाणी!
मी चेक उजेडात धरला.
बँकेत फोन केला. पुन्हा केला.
तो समोर नखं बघत बसलेला.
"करा," म्हणाला, "सगळेच करतात."

त्याआधी, अक्षय्यतृतीयेला, दुसरा येऊन गेला होता,
त्याच सिनेमात ती विहीर उपसणारा, पांढऱ्या सदऱ्यातला.
रविवार कारंजापासून मिरवणूक, ढोल, पेढे.
"दोन मशिनं दिली समजा," म्हणाला.
आम्ही समजलो.
पितळी पाटी त्याच संध्याकाळी ठोकली.
पाटी आहे. मशिनं अजून समजायचीच आहेत,
आणि मी, हिशेबाचा माणूस,
त्याला एक फोन करायला कचरतो.

प्लांट बसला.
हिराबाई पेखळे गिरणाऱ्याहून येते, आठवड्याला तीन खेपा.
सुई टोचून घेण्याआधी विचारते,
"त्यानं पाण्यात काही घातलं नाही ना रे?"
टेक्निशियन रिपोर्ट पुढे करतो.
"कागद काय," ती म्हणते,
"कागद तर तो पिच्चरमध्येपण दाखवायचा."

पाटी नको म्हणाला होता.
पावती तेवढी आईच्या नावानं फाडा. सगुणा.
"ण बाणाचा," म्हणाला, "नळाचा नको."
मी घाईत नळाचाच लिहिला होता.
खोडून दुरुस्त केलं, शेजारी सही केली.

काल दुपारी टीव्हीवर नेमका तोच सिनेमा.
बाटली कलली, आणि अकराच्या अकरा खाटांवरून
"मेल्या, मुडद्या."
हिराबाईचा एक हात मशिनला बांधलेला,
दुसऱ्याची बोटं तिनं गादीवर दाबून मोडली.
"आवाज वाढव रे जरा."

मी वाढवला.
भिंतीपलीकडे प्लांटची घरघर होती,
ती ऐकू येईनाशी झाली.