मोजणी

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद.
म्हणजे जेमतेम सव्वा हात जागा,
आणि तिचा सगळा सातबारा
एकाच माशाच्या नावावर.
माझ्या अंगठ्याएवढा, स्टोव्हच्या ज्योतीसारखा निळा.
नेत्राने त्याचं नाव ठेवलं, खोत.

मी वेंगुर्ल्यात भूकरमापक.
दिवसभर लोकांना त्यांच्या हद्दी दाखवतो:
गडगा तुमचा, माडांची ओळ त्यांची,
फणस मात्र मधोमध उगवलाय,
त्याला मी काय करू?
काल मोचेमाडला केळुसकर बंधूंनी
साडेचार इंचांपायी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.
एकाने दिलं असतं
तर दुसऱ्याने हरकत घेतली असती.

संध्याकाळी येऊन बूट काढतो,
तर खोत काचेवर धावून येतो.
माझ्यावर.

बस्त्यावने धरून दिला होता, ओहोटीला,
खडपातल्या डबक्यातून, चहाच्या गाळणीने.
"ह्येका एकट्याकच ठेव," म्हणाला होता,
"ह्येका शेजार सोसाचो नाय."
मी ऐकलं नाही. दोन पट्टेवाले आणले, दिसायला गरीब.
पहिल्याच रात्री एकाची शेपटी फाटली.
दुसरा तीन दिवस फिल्टरच्या नळीमागे उभा,
तारखेला आलेला म्हातारा
कचेरीच्या जिन्याखाली उभा राहतो तसा.

आधी आरसा करून पाहिला.
शालनचा, कुंकवाचा, काचेला बाहेरून टेकवला.
खोत अर्धा तास स्वतःशी भांडला,
कल्ले फुगवून, अंग तिरकं करून.
भाकरी थापता थापता शालन विचारायची,
"कोण जिंकलं?"
आरसा काढला की मात्र तो घुटमळत राहायचा तिथेच,
त्या रिकाम्या काचेपाशी,
आणि मला उगाच वाईट वाटायचं.

मग टोपली. प्लॅस्टिकची, जाळीदार, कोथिंबीर धुवायची.
तिच्यात घालून टाकीतच टांगला त्याला, आठ दिवस.
आपल्याच गावातून हद्दपार,
आणि गाव समोर दिसतंय.
पट्टेवाले बाहेर आले. आधी जेवणापुरते,
मग जेवण झाल्यावरही.

आठव्या रात्री दिवा मालवला
आणि कोपरापर्यंत हात घालून सगळे दगड हलवले.
उभा होता तो आडवा,
गुहेचं तोंड भिंतीकडे,
कोपऱ्यातला मोठा शिंपला मधोमध.
कुणाचा आजा इथे राहत नव्हता,
कुणाची वहिवाट नाही, नकाशा नाही.
(सरकारी नोकर आहे मी.
लोकांचे दगड असे रात्री हलवले
तर सकाळी निलंबन.)

उजाडता खोत सोडला.
चुकीच्या बसमधून उतरलेला माणूस
पाट्या वाचत चालतो
तसा तो एकेका दगडापाशी थांबत गेला.
कुणावर धावला नाही.

अकरा दिवस.
चारा दोन्ही टोकांना टाकायचो,
भरतीचं पाणी कॅनने आणून थोडं थोडं बदलायचो.
शालन म्हणाली, घरात बरं वाटतंय हल्ली.

बाराव्या दिवशी
फाटक्या शेपटीच्या पट्टेवाल्याने,
शेपटी आता भरून आलेली,
खोताला शिंपल्यापासून हाकललं.
एकदा. परत एकदा. मग नळीमागे.
नेत्रा काचेला नाक लावून बघत होती.
म्हणाली, "बाबा, आता ह्याचं नाव खोत."

मी पुन्हा बाह्या सरसावल्या.
शिंपल्याला हात लावताच
पट्टेवाला बोटाच्या पेरावर चावला.
दुखत नाही, मुंगीएवढंही नाही.
पण हात आपोआप मागे येतो.

मंगळवारी मोचेमाड.
केळुसकरांनी फेरमोजणी मागितलीय,
फी भरलीय दोघांनीही,
वेगवेगळी.