बिनमिठाची बिस्किटं

दर गुरुवारी अकराला मी एलेउतेरिओ मान्सियाचं
दार ढकलते. ठोठावत नाही.
इथल्या वाऱ्यात ठोठावलेलं कुणाला ऐकू येत नाही,
आणि त्या घरातल्या कुत्रीला तर
मागच्या हिवाळ्यापासून काहीच नाही.

पोर्वेनीर. गावाच्या नावाचा अर्थ भविष्यकाळ.
राहतात मात्र बरेचसे होऊन गेलेले लोक:
मेंढ्यांची लोकर उतरवणारे, सोनं न सापडलेल्यांचे नातू,
सामुद्रधुनी ओलांडून आठवड्यासाठी आलेली
आणि मग बीपीचं यंत्र घेऊन दारोदार फिरणारी मी.

कुत्रीचं नाव तिहेरा. म्हणजे कातर.
तरुणपणी ती कळपात अशी शिरायची
की पांढरं कापड मधोमध फाटत जावं.
आता चार दात उरलेत. मागचे पाय उभे राहतात,
निघत नाहीत.
तिला हाक मारायची तर तो टाच आपटतो जमिनीवर,
दोनदा म्हणजे जेवण,
एकदा म्हणजे नुसतंच, आहेस ना?

त्याचा आकडा एकशे सत्तर.
"मीठ?" मी विचारते.
"शिवलो नाही," तो म्हणतो,
आणि कोपरानं बरणी पावामागे सारतो.

या गुरुवारी दार ढकललं तर
घरभर भाजलेल्या कलेजीचा वास.
टेबलावर ओट, किसलेला भोपळा, चष्म्यावर पीठ.
एक अंडं जमिनीवर पडलं होतं म्हणे,
त्याची व्यवस्था तिहेरानं आधीच लावली होती.
ऐंशी वर्षांत या माणसाचा हात पिठात गेला नव्हता.
एरमिंदा होती तेव्हा भट्टीजवळ यायची त्याला बंदी,
आणि ती गेल्यावर सहा वर्षं
बंदी उठवणारं कुणी नव्हतं.

"दुकानातले ते दगड तिला चाववत नाहीत.
जनावरांच्या डॉक्टरणीनं लिहून दिलंय, बघ."
बघितलं. कांदा नाही. लसूण नाही. साखर नाही.
मीठ चिमूटभरही नाही.
'चिमूटभरही'च्या खाली पेन्सिलीच्या दोन रेघा, त्याच्या.
हेच वाक्य मी त्याला तीन वर्षं लिहून देते आहे.
माझ्या कागदांवर तो किटली ठेवतो.

टोमॅटोच्या डब्याच्या कडेनं त्यानं गोल कापले,
आणि खिळ्यावरून उतरवला मेंढ्यांच्या
कानाला खूण पाडायचा गंजका चिमटा.
प्रत्येक बिस्किटाच्या डाव्या अंगाला अर्धचंद्र. कट. कट.
"कशाला?"
"म्हणजे कुणाचं ते कळतं."

पहिला घाणा करपला.
दुसरा निघाला तेव्हा त्यानं टाच आपटली, दोनदा.
ती आली. यायला वेळ लागला.
एक तोंडात धरून खोलीभर हिंडली,
सगळ्या भिंतींना दाखवून झाल्यावर
शेगडीपाशी बसली, आणि हिरड्यांनी,
डोळे मिटून, काही घाई नसल्यासारखी.

मग एक त्यानं मला दिलं, एक स्वतः घेतलं.
पहिल्या घासाला काहीच नाही.
नंतर भोपळा. मग बऱ्याच उशिरानं कलेजी,
मागून थोडा धूर.
"कसं झालंय?"
"अळणी."
"मीठ नाही त्यात."
"कळलं."
"तिला चालतंय," तो म्हणाला.
"हो. तिला चालतंय."

त्यानं कुत्रीकडे बघितलं, बराच वेळ,
जिच्याशी पैज लावून हरलो तिच्याकडे बघावं तसं.
मग दुसरं उचललं.
मी पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला.
त्या दिवशी आकडा घ्यायचा राहून गेला.

उन्हाळ्यात इथे कातरवेळ
रात्री दहानंतरही रेंगाळते.
बंदरावर बोटीची वाट बघताना हात गारठले,
कोटाच्या खिशात घातले, तर
तिथे एक बिस्किट. त्यानं कधी टाकलं कोण जाणे.
अंधुक उजेडात बोटानं चाचपलं:
डाव्या अंगाला अर्धचंद्र.